मार्फत: कुमुद रणदिवे

प्रवासाला निघण्यापूर्वी कुमुद रणदिवे यांनी मोटारहोमच्या भाड्याचा करारनामा चष्मा पुसून दोनदा वाचला आणि प्रवाशांची संख्या ‘चार’ असल्याची खात्री करून मगच सही केली. न वाचता सही करणे हे त्यांच्या लेखी पापच होते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातल्या तक्रार कक्षात त्यांनी छत्तीस वर्षे काढली होती आणि तिथे एकच व्रत निष्ठेने पाळले होते: आलेला अर्ज, मग तो टंकलिखित असो की कॅलेंडरच्या पाठीवर खरडलेला असो, त्याला पोच दिल्याशिवाय मेजावरून उठायचे नाही.

बेत मुळात अमेरिकेचा होता. तिथली ती प्रचंड घळ दाखवण्याचे वचन त्यांच्या मुलाने, अनुरागने, आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, क्षिप्राला दिले होते. चाके लावलेल्या घरातून प्रवास करायचा आणि शेवटी डोंगरातल्या आगगाडीत बसून घळीपर्यंत जायचे, असे तिने वर्गातल्या निम्म्या मुलींना सांगूनही टाकले होते. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढच्या वर्षीची मिळाली आणि बेत बारगळला. तेव्हा दुधाची तहान ताकावर भागवावी, तशी अनुरागने हरियाणातल्या सोहनाच्या पलीकडे, अरवलीच्या टेकड्यांत नव्याने उघडलेली ‘ग्रँड अरवली कॅनियन’ नावाची जागा शोधून काढली. जाहिरातीत काही म्हणून कमी नव्हते. लाल कडे, निळे पाणी आणि कड्याच्या पोटातून तळापर्यंत उतरणारी ‘सीनिक ट्रेन’. सून रुचिता हिला सव्वीस जानेवारीच्या कामांमुळे सुटी मिळाली नाही. कुमुदताई, त्यांचे यजमान श्रीरंगराव, अनुराग आणि क्षिप्रा असे बाकीचे चौघे दिल्लीतल्या मयूर विहारहून भल्या सकाळी निघाले.

आणि धुके पडले होते.

दिल्लीचे जानेवारीतले धुके ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांना ते शब्दांनी दाखवणे कठीण आहे. ते वरून उतरत नाही, खालून वर येते. त्याला धुराचा, ओल्या राखेचा आणि जळक्या पालापाचोळ्याचा वास असतो. सकाळचे दहा वाजले तरी मोटारहोमच्या काचेपलीकडे पांढऱ्या भिंतीवाचून दुसरे काही नव्हते.

“अहो, पुढचा ट्रक दिसतो आहे का तुम्हाला?” कुमुदताईंनी विचारले.

“दिवा दिसतो आहे,” श्रीरंगराव म्हणाले. “त्यावरून ट्रक असावा, असं अनुमान काढता येतं.”

“बाबा, प्लीज. मी ऑलरेडी टेन्शनमध्ये आहे,” अनुराग स्टिअरिंगवर ओणवून म्हणाला.

“तू चालव रे. फिरतं बिऱ्हाड आहे आपलं. रस्ता चुकलास, तर तिथेच राहू.”

“बिऱ्हाड म्हणजे?” वरच्या बिछान्यावरून क्षिप्राचे डोके खाली लोंबकळले.

“आपलं घर पाठीवर घेऊन हिंडणं.”

“यार आबा, मग मोटारहोम बोला ना.”

“‘म्हणा ना’,” कुमुदताईंनी दुरुस्ती केली आणि तिच्या हातात गुळाची पोळी ठेवली.

तिकीटघरापाशी पोचेपर्यंत त्यांचा संयम शाबूत होता. तो सुटला, तो घळीत उतरणाऱ्या आगगाडीत. रंगवलेले इंजिन, त्यामागे सहा उघडे डबे आणि अरुंद रूळ. ज्या रुळांवरून एके काळी दगडांच्या ट्रॉल्या ओढल्या जात, तेच हे रूळ, हे कोणालाही कळले असते. गाडी धुक्यात शिरली. हाताच्या अंतरापलीकडे काहीही दिसत नव्हते, आणि छतावरच्या भोंग्यातून ध्वनिमुद्रित बाई अत्यंत प्रफुल्लित स्वरात सांगत होती, “अब अपने बाईं ओर देखिए, कुदरत का करिश्मा.”

माणसे इमानदारीने डावीकडे पाहत होती. डावीकडे पांढरे होते. काहींनी त्या पांढऱ्याचेही फोटो काढले.

कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुक्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. धुके ईश्वराधीन असते. पण जे दाखवता येत नाही, ते दाखवतो म्हणून सांगणे ही शुद्ध लबाडी होती. शिवाय ही घळ निसर्गाने कोरलेलीच नव्हती. कडेला हात लागेल इतक्या जवळून जाणाऱ्या दगडावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या खुणा त्यांनी ओळखल्या. ही दगडाची बंद पडलेली खाण होती. माणसांनी पोखरलेल्या खड्ड्याला करिश्मा म्हणायचे आणि पोखरणाऱ्यांचे नावही घ्यायचे नाही.

गाडी तळाशी थांबली. अर्धा तास मुक्काम. साकेत नावाचा तरुण व्यवस्थापक कोटाच्या खिशात हात घालून उभा होता.

“जब दिखता ही नहीं, तो आप दिखा क्या रहे हैं?” कुमुदताईंनी विचारले.

“मैडम, फॉग तो नेचुरल है.”

“शिकायत की किताब लाइए.”

“किताब कहाँ होती है आजकल, मैडम. वो रहा क्यूआर कोड, स्कैन कर लीजिए.”

“मैं लिखकर दूँगी, और आप पावती देंगे.”

“बिल्कुल दीजिए,” तो म्हणाला आणि चहाच्या टपरीकडे निघून गेला.

अनुराग आणि श्रीरंगराव पाणी पाहायला गेले. पाणी दिसत नव्हते. पण तळे तिथे आहे, अशी पाटी होती. फलाटाच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक खोली होती. खाणीची जुनी कचेरी. आत एक मेज, एक खुर्ची आणि गंजलेला वजनकाटा मांडून ठेवला होता. कुमुदताईंनी पदराने खुर्ची झटकली, पिशवीतून कागद आणि पेन काढले आणि मेजाशी बसल्या. क्षिप्रा दारात उभी राहून तोंडाने वाफ सोडत आगगाडी-आगगाडी खेळत होती.

त्यांनी लिहायला सुरुवात केली. बाहेर कुठेतरी दगडावर छिन्नी पडल्यासारखा बारीक आवाज येत होता. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

दुसरा परिच्छेद संपवून त्यांनी मान वर केली, तेव्हा दारापासून धुक्यापर्यंत रांग लागली होती.

पुरुष होते, बायका होत्या. सगळ्यांच्या अंगावर, केसांवर, पापण्यांवरसुद्धा दगडाची करडी भुकटी होती. एकाच्याही अंगावर स्वेटर नव्हता. खोलीत एक वास आला. भिजलेल्या दगडाचा, आणि त्यामागे उडवून झालेल्या सुरुंगाच्या दारूचा. कुमुदताईंना वाटले, इथले कामगार असणार. कुणीतरी तक्रार लिहिते आहे, हे कळताच आले असणार. अशा रांगा त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. रांगेतली माणसे कशी उभी राहतात, हे त्यांना ठाऊक होते: अर्धी आशा आणि अर्धी परत फिरण्याची तयारी.

“बोलिए,” त्या म्हणाल्या.

पुढे उभ्या असलेल्या बाईने त्यांच्या कागदाकडे पाहिले. मग तिने विचारले, “बाई, तुमी मराठी हाय ना...? पोरीसंगं बोलत व्हता.”

दिल्लीत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला अनोळखी ठिकाणी मराठी शब्द ऐकू आला, की काय होते, ते सांगायला नको. कुमुदताईंच्या कपाळावरची आठी विरघळली.

“हो. तुम्ही इथे कुठे, इतक्या दूर?”

“दगुड फोडायला आलो. मालक समद्यांना एका ट्रकात घालून आन्तो. म्या भीमाबाई. ह्यो माजा नवरा, विठ्ठल. बाकीचे हिकडचे हायती, कुनी राजस्थानचे.” ती थांबली. “आमचं बी लिवा की.”

“काय लिहू?”

“आमी खाली हाओत म्हनून लिवा.”

“एवढंच?”

“एवडंच. कुनी मानंना झालंय.”

कुमुदताईंनी पेन खाली ठेवले आणि पुन्हा उचलले. आपल्या तक्रारीचा कागद त्यांनी बाजूला सारला. दिसले-न-दिसले याच्या तक्रारीची त्यांना आता लाज वाटली. या कडाक्याच्या थंडीत माणसे तळाशी राबवायची, आणि कागदोपत्री ती तिथे नाहीतच म्हणून सांगायचे, हा प्रकार त्यांना नवा नव्हता. कोऱ्या कागदावर त्यांनी आकडे घातले. भीमाबाई एकेकाचे नाव सांगत गेली. ज्याचे नाव उच्चारले जाई, तो अर्धे पाऊल पुढे येई. अकरा नावे झाली.

“आता पत्ता,” कुमुदताई म्हणाल्या. “उत्तर कुठे पाठवायचं?”

रांगेतल्या नजरा भीमाबाईकडे वळल्या.

“गावाचा पत्ता?”

“तितं आता कुनी न्हाई.”

“इथला?”

भीमाबाईने मागे धुक्याकडे पाहिले. “ह्याला पत्ता न्हाई, बाई.”

बिनपत्त्याचा अर्ज म्हणजे निनावी अर्ज, आणि निनावी अर्ज केराच्या टोपलीत जातो. या नियमाखाली किती खरे अर्ज गेले, ते कुमुदताईंनी स्वतः पाहिले होते. त्यावर एक तोड त्यांनी नोकरीत असताना शोधली होती आणि दोन-तीनदा वापरलीही होती. त्यांनी क्षणभरही विचार न करता नावांखाली लिहिले: ‘पत्रव्यवहाराचा व वास्तव्याचा पत्ता: मार्फत कुमुद रणदिवे’, आणि पुढे आपल्या फ्लॅटचा क्रमांक, सोसायटीचे नाव, मयूर विहार, दिल्ली. मग तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

रांगेतून एक श्वास सुटल्यासारखा आवाज आला.

“आमचं तिकडं चालंल...?” भीमाबाईने विचारले.

“का नाही चालणार? मी सही केली आहे.”

इंजिनाने शिटी दिली. त्या कागद घडी घालून उठल्या, तेव्हा दार मोकळे होते आणि क्षिप्रा फलाटाचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होती.

वर पोचल्यावर त्यांनी गाडीतून उतरणाऱ्या साकेतला गाठले. खाली अकरा माणसे उघडी उभी आहेत, त्यांना एक घोंगडीसुद्धा दिलेली नाही, याचा जाब विचारला. तो खरोखरच गोंधळला. “नीचे कोई लेबर नहीं है, मैडम. चायवाला और मैं, बस.”

“म्हणजे मी खोटं बोलते?” त्या संतापाने मराठीतच म्हणाल्या.

इंजिनाची काच पुसणारा म्हातारा चालक सुभानखाँ ते ऐकत होता. साकेत गेल्यावर तो हळूच म्हणाला, “वो लोग आपसे भी मिले?”

कुमुदताई दोन पावले त्याच्याजवळ गेल्या.

“बीस साल हो गए. ऐसी ही धुंध थी. खदान की दीवार बैठ गई. ठेकेदार ने लिखकर दिया कि नीचे कोई था ही नहीं. हाज़िरी की किताब थी ही नहीं, तो साबित कौन करता? हफ़्ते भर में पानी भर आया.” त्याने फडके पिळले. “अब बोटिंग होती है.”

“शिकायत नहीं की किसी ने?”

“धुंध में सबसे कहते हैं. कोई सुनता नहीं, तस्वीर लेता है. आपने लिख लिया?”

“लिख लिया.”

“पता क्या दिया?”

त्यांनी सांगितले.  सुभानखाँ काच पुसत राहिला. पुसून झालेली काच.

परतीच्या वाटेवर मोटारहोम चढाला रडत होती. “आई, गाडी पिकअपच घेत नाही,” अनुराग म्हणाला. “येताना अशी जड नव्हती.” श्रीरंगराव पेंगत होते. क्षिप्रा आजीला खेटून बसली होती. वरच्या बिछान्यावर जायला ती तयार नव्हती.

“आजी,” तिने विचारले, “थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ येते ना?”

“येते.”

“त्यांच्या नव्हती येत. त्या आंटी बोलत होत्या, तरी नव्हती येत.”

कुमुदताईंनी तिला शालीत ओढून घेतले. मागच्या बिछान्यांकडे त्यांनी गुरुग्राम येईपर्यंत पाहिले नाही. तिथे गाडी परत करताना मोटारहोमच्या मालकाने आत डोकावून त्यांना बोलावले. चारही बिछाने करड्या भुकटीने माखले होते, आणि भुकटीत पाठींचे, खांद्यांचे, गुडघ्यांचे ठसे दाटीने उमटले होते. “एग्रीमेंट में चार लिखा था, माताजी,” तो म्हणाला. “कितने लोग ले गई थीं आप?”

भीती वाटली नाही, असे नाही. पण कुमुद रणदिवे यांच्या स्वभावात भीतीपेक्षा संताप वरचढ होता. अनुराग आणि क्षिप्रा आपल्या घरी गेल्यावर, मयूर विहारच्या फ्लॅटवर त्यांनी तो अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. श्रीरंगराव शेजारी बसून होते.

“कुमुद, ती माणसं वारलेली आहेत.”

“मग? वारलेल्या माणसाला पोच द्यायची नाही, असा नियम कोणत्या पुस्तकात आहे? अकरा माणसं दगडाखाली गेली आणि एका कागदावर ‘कोणी नव्हते’ म्हणून लिहिलं गेलं. तो कागद आजही खरा धरला जातो आहे. तो खोटा ठरल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.”

अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने संबंधित कचेरीत गेला. घरात डोळ्यांना दिसण्यासारखे काही घडले नाही. फक्त स्वयंपाकघरातली पाण्याची कळशी, संध्याकाळी काठोकाठ भरलेली, सकाळी कोरडी ठणठणीत असे. कुमुदताईंनी आधी श्रीरंगरावांना बोल लावला. मग भांडे गळते का, ते पाहिले. चौथ्या दिवसापासून त्या काही न बोलता दोन कळशा भरून ठेवू लागल्या. सकाळी दोन्ही रिकाम्या असत, आणि ओट्याला तो वास असे. भिजलेल्या दगडाचा.

महिन्याभराने कचेरीचे पत्र आले. अर्जदार अस्तित्वात असल्याची खातरजमा करण्यासाठी निरीक्षक दिलेल्या पत्त्यावर येईल. कुमुदताईंनी ते पत्र तीनदा वाचले आणि कडवटपणे हसल्या. वीस वर्षांत खाणीत कोणी उतरले नाही, आणि पडताळणीला मयूर विहारला येणार.

निरीक्षक आला तो मफलर गुंडाळलेला, कंटाळलेला माणूस होता. दारातच त्याने दिवाणखान्यावरून नजर फिरवली आणि पेनाच्या टोकाने हवेत काहीतरी मोजले. कुमुदताईंना वाटले, खुर्च्या मोजतो आहे.

“देखिए, बात यह है...” त्यांनी सगळे सविस्तर सांगण्यासाठी सुरुवात केली. त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. जेवणाच्या मेजाशी, त्यांच्याकडे पाठ करून तो बसला आणि पिशवीतून शाईची गादी काढली. उद्धटपणा त्यांनी पुष्कळ पाहिला होता. पण घरात आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही, हेही त्यांना जमणारे नव्हते. त्या आत गेल्या. आधण उकळत असताना बाहेरून त्याचा एकसुरी आवाज येत होता, “नाम... अंगूठा... अगला...”

श्रीरंगराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “कुमुद,” ते कुजबुजले, “तो कुणाशी बोलतो आहे?”

त्या कप घेऊन बाहेर गेल्या, तेव्हा निरीक्षक पिशवी आवरत होता. “रहने दीजिए,” तो कपांच्या दिशेने, पण त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाला. “इतने लोगों के लिए कहाँ चाय बनेगी.”

अहवालाची प्रत पंधरा दिवसांनी पोस्टाने आली. कुमुदताईंनी उभ्याउभ्याच लिफाफा फोडला. अकरा नावे होती. प्रत्येकापुढे जांभळ्या शाईतला अंगठा होता. काही अंगठ्यांच्या रेषा दगडाने झिजून सपाट झालेल्या. खाली शेरा होता: अकराही अर्जदार नमूद पत्त्यावर समक्ष हजर आढळले, सबब खाणीत कोणी नव्हते, हे पूर्वीचे विधान रद्द समजण्यात यावे.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. जन्मभरात एवढा सरळ शेरा त्यांनी पाहिला नव्हता. “वाचा,” त्यांनी कागद श्रीरंगरावांपुढे केला. “झालं की नाही काम?”

श्रीरंगरावांनी वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो त्यांच्याकडे परत दिला.

शेवटची ओळ अशी होती: ‘सदर पत्त्यावर उपरोक्त अकरा व्यक्तींखेरीज अन्य कोणीही वास्तव्यास आढळले नाही.’

त्या रात्रीच त्यांनी हरकतीचे पत्र लिहिले, कडक शब्दांत. निरीक्षक घरात असताना आपण उभयता त्याच्यासमोर उभे होतो, सबब ‘अन्य कोणीही आढळले नाही’ हे विधान वस्तुस्थितीस धरून नाही, तातडीने दुरुस्ती व्हावी. सकाळी ते पत्र पोस्टात टाकण्यासाठी दोघेही बाहेर पडले. दाराला कुलूप त्यांनी स्वतः लावले, दोनदा ओढून पाहिले, आणि किल्ली मुठीत धरली.

पोस्टातून परतताना सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी रामदीन खुर्चीवरून उठला. एकवीस वर्षांपासून तो त्यांच्या पाया पडून दिवाळीचा फराळ घेऊन जात असे.

“किनसे मिलना है, माताजी?” त्याने अदबीने विचारले आणि पाहुण्यांची वही पुढे सरकवली.

“रामदीन, सकाळी सकाळी हा काय पोरखेळ आहे?”

त्याला मराठी कळत नसे, हे त्यांना त्या क्षणी आठवले नाही. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. अनोळखी वृद्धांशी दाखवावा तसा सौम्य आदर होता. त्यांनी घुश्शातच आपल्या फ्लॅटचा क्रमांक सांगितला. ही किल्ली, हे आमचे घर. त्याने समजूतदारपणे मान हलवली, इंटरकॉम उचलला आणि तोच क्रमांक दाबला.

“आत कोणी नाही,” श्रीरंगराव पुटपुटले.

पलीकडे फोन उचलला गेला. रामदीनने ऐकून घेतले. मग रिसीव्हरवर हात ठेवून तो त्यांच्याकडे वळला.

“कह रहे हैं, आने दो,” तो म्हणाला. “बस इतना पूछ रहे हैं... आप कितने लोग हैं?”